क्वार्टरबॅकची बिनविरोध निवड

क्वार्टरबॅक नेमकं काय बघतो, हा प्रश्न सदानंद घैसास यांना दाढी करताना पडला. प्रश्न पडला की घैसासांच्या हातातलं काम तिथल्या तिथे थांबतं. त्यामुळे त्या दिवशी ते डावा गाल तसाच ठेवून आखातातल्या मनामा शहरातल्या आपल्या विमा कंपनीत गेले आणि साहेबाने विचारलं तेव्हा 'स्किनची ट्रीटमेंट चालू आहे' असं त्यांना सांगावं लागलं.

प्रश्नाचं मूळ इथल्या मराठी लोकांच्या स्नेहबंध मंडळात होतं. सखीरला हिवाळ्यात निरनिराळ्या मंडळांची फ्लॅग फुटबॉलची स्पर्धा व्हायची होती. इथल्या केरळी लोकांच्या एका मंडळाने त्यात नाव दिल्याची बातमी शुक्रवारी सकाळी आली आणि दुपारच्या जेवणाआधी स्नेहबंधनेही दिलं. खेळ काय आहे ते नंतर बघू, असं ठरलं. नंतर बघितलं तेव्हा कळलं, की हे पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे. अमेरिकेत दांडगे लोक एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि दोन्ही टोकांना निमुळता असा चेंडू हाताने फेकतात, त्या खेळाचा हा सोज्वळ अवतार. यात कोणी कोणाला पाडायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला दोन फिती लोंबत असतात. चेंडू ज्याच्या हातात असेल त्याची फीत समोरच्याने ओढली की झालं, डाव थांबला. बाजूला पाच-पाच माणसं, बायका-पुरुष एकत्र. आणि मागे उभा राहून चेंडू कोणाकडे फेकायचा ते ठरवणारा जो असतो, तो क्वार्टरबॅक.

कार्यकारिणीच्या सभेत हे सगळं वाचून दाखवलं गेलं. त्यातलं एवढंच सगळ्यांच्या डोक्यात राहिलं, की क्वार्टरबॅक हे मुख्य पद आहे. एकदा पद म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. पाककृती स्पर्धेच्या परीक्षकांपासून नाट्यशाखेच्या प्रमुखांपर्यंत सगळ्यांनी इच्छा व्यक्त केली. उलट सेंटर नावाची एक जागा होती, तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. सेंटरला ओणवं होऊन चेंडू दोन पायांच्या मधून मागे द्यावा लागतो. चारचौघांत, त्यातही बायकामुलांसमोर, असं वाकायची कोणाचीच तयारी नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष महादेवराव इनामदार यांनी मात्र स्वतःसाठी रिसीव्हरची, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याची, जागा निवडली. साठीला टेकलेले, एका मोठ्या बांधकाम कंपनीचे सरव्यवस्थापक, आवाज असा की माइकवाल्याला सुट्टी द्यावी. आजवर त्यांनी इतक्या शाली, इतकी श्रीफळं आणि इतके पुष्पगुच्छ स्वीकारले होते, की आता चेंडू स्वीकारायला त्यांना काही वेगळं शिकावं लागेल असं कोणालाच वाटलं नाही. निवड समितीचे अध्यक्षही तेच झाले. मंडळात आजवर प्रत्येक निवड बिनविरोध झाली होती. भांडणं होत नसत असं नाही, ती आधी उरकली जात.

सदानंद मंडळाचे सहचिटणीस होते. सहचिटणीस म्हणजे काय, तर चिटणीस जिथे जात नाही तिथे जाणारा. बुसैतीनला एक मैदान सरावासाठी मिळत होतं. त्याची परवानगी आणायला अर्थातच सदानंद गेले. सगळ्यांच्या सीपीआर कार्डांच्या, म्हणजे इथल्या ओळखपत्रांच्या, प्रती त्यांनी नीट लावून नेल्या होत्या. खिडकीमागच्या झोहरा नावाच्या बाईंनी त्या पाहिल्या आणि विचारलं, कॅप्टन कोण? या खेळात कॅप्टन बहुधा क्वार्टरबॅकच असतो, तेव्हा त्याचं नाव हवं.

"अजून ठरायचाय, मॅडम. मैदान मिळालं की निवड करणार," सदानंद इंग्रजीत म्हणाले.

"नाव असल्याशिवाय मैदान मफी," झोहरा म्हणाली. मफी म्हणजे नाही.

"मैदान असल्याशिवाय नाव मफी," सदानंदही अरबीत गेले.

यावर दोघांनी बराच वेळ एकमेकांकडे पाहिलं. मागच्या रांगेतला एक माणूस घसा खाकरू लागला. शेवटी झोहराने स्वतःच तोडगा काढला. सदानंदांच्याच कार्डावरचं नाव तिने कॅप्टनच्या रकान्यात लिहिलं, शिक्का मारला, कागद खिडकीतून बाहेर सरकवला आणि म्हणाली, "यल्ला, कॅप्टन. नेक्स्ट!"

कॅप्टन! सदानंद बाहेर येऊन गाडीत बसले, पण गाडी सुरू करेनात. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांना घैसास, मिस्टर सदा, अंकल आणि 'अहो' एवढ्याच हाका आल्या होत्या. शाळेच्या क्रिकेट संघात ते सामन्याला जात ते इतरांची घड्याळं सांभाळायला. मंडळाच्या नाटकात ते पडदा ओढत. आणि आज एका पूर्ण अनोळखी बाईने, कोणाचंही दडपण नसताना, त्यांना कॅप्टन म्हटलं होतं. त्या क्षणापर्यंत क्वार्टरबॅक हा त्यांच्या दृष्टीने निव्वळ कुतूहलाचा विषय होता. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांना क्वार्टरबॅक व्हायचं होतं, आणि फार व्हायचं होतं.

उम्म अल हस्समच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली. सुनंदाबाईंनी कणीक मळता मळता ऐकून घेतलं.

"अहो, पण तुमचा उजवा खांदा? वरच्या कपाटातून डबा काढायचा तर मला हाक मारता."

"डबा काढणं वेगळं, पास देणं वेगळं. पासमध्ये ताकद खांद्याची नसतेच मुळी, कमरेची असते."

"तुमची कमर तर मागच्या रमजानपासून धरलेली आहे," सुनंदाबाई म्हणाल्या आणि पोळ्यांना लागल्या.

सराव गच्चीवर सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी चेंडू कठड्यावरून घरंगळून खालच्या मसूदाबेगमांच्या बाल्कनीत, त्यांनी वाळत घातलेल्या मिरच्यांत पडला. मसूदाबेगम हैदराबादच्या. चेंडू परत द्यायला त्या वर आल्या त्या मोहरीच्या तेलाची बाटली घेऊनच. हे तेल कोमट करून रोज खांद्याला चोळायचं, चेंडू फेकताना श्वास आत घ्यायचा आणि मुख्य म्हणजे गच्चीवर फेकायचाच नाही, असा त्यांनी सल्ला दिला. वॉचमनने सांगितलं, चेंडूत हवा कमी आहे. चौथ्या मजल्यावरच्या फिलिपिनो परिचारिकेने सांगितलं, हवा जास्त आहे. सदानंदांना सगळंच पटायचं, कारण प्रत्येक उत्तरातून त्यांना नवा प्रश्न सापडत होता. मिरच्यांत पडलेला चेंडू हाताळून नंतर डोळे चोळू नयेत, हे मात्र त्यांना कोणीच सांगितलं नाही. ते त्यांना स्वतः शोधून काढावं लागलं.

बुसैतीनच्या मैदानावर चाचणी झाली, ती कोच अर्सलानच्या देखरेखीखाली. अर्सलान तिथलाच, आजोबा कधीकाळी बलुचिस्तानातून आलेले. कॉलेजात हा खेळ शिकला आणि आता हौसेने शिकवत होता. त्याचं हिंदी सगळं सिनेमातून आलेलं असल्यामुळे तो साधी सूचनाही शपथ घेतल्यासारखी द्यायचा. त्याने उमेदवारांना एकेकदा पळवलं. नाट्यशाखेचे प्रमुख तिथेच बसले. परीक्षकबाईंनी आपण यापुढे मार्गदर्शन करू असं जाहीर केलं. संध्याकाळपर्यंत तिघेच उरले.

पहिला मयुरेश, पुण्याचा, बँकेत नोकरीला, वय तिशीच्या आतबाहेर. त्याने चेंडू फेकला की तो फिरत, सरळ रेषेत, शिट्टी वाजवल्यासारखा जायचा. दुसरा तुकाराम, साताऱ्याकडचा, एका हॉटेलची व्हॅन चालवणारा, गावात कबड्डी गाजवलेला. आणि तिसरे सदानंद. ते उरले, कारण मैदानाच्या कागदावर कॅप्टन म्हणून त्यांचंच नाव होतं, आणि त्यांना काढलं तर नवा कागद करायला पुन्हा त्यांनाच जावं लागलं असतं.

"काका, तुम्ही स्कोअर लिहाल का? अक्षर छान आहे तुमचं," मयुरेश अगदी प्रेमाने म्हणाला.

सदानंदांना तो काका फार लागला. ते थेट अर्सलानकडे गेले आणि इतके दिवस घोळत असलेला प्रश्न त्यांनी विचारला. "कोच, ये क्वार्टरबॅक देखता क्या है?"

अर्सलानने क्षितिजाकडे पाहिलं. "अंकल, क्वार्टरबॅक आदमी नहीं देखता. खाली जगह देखता है."

सदानंद त्या रात्री झोपेपर्यंत या वाक्याचा विचार करत होते. रिकामी जागा बघायची म्हणजे काय बघायचं? जिथे काही नाही तिथे दिसणार काय? त्यांनी दिवाणखान्यातल्या रिकाम्या जागा बघून पाहिल्या. "डोळ्यांत अजून मिरची आहे का हो?" सुनंदाबाईंनी काळजीने विचारलं.

मग आलं प्रशिक्षण शिबिर. हिवाळ्यात इथले लोक सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. मंडळानेही एक तंबू घेतला. शिबिर खेळाडूंचं होतं, पण कार्यकारिणीत भोजन समिती जुनी आणि बलवान. तिने व्यायामाचं वेळापत्रक हाती घेऊन त्यात नाश्ता, दुसरा नाश्ता, जेवण आणि चार वाजताचा चहा घातला, आणि मधे जिथे जिथे फट राहिली तिथे खेळ बसवला. अर्सलानने ते वेळापत्रक वाचून "इंशाल्ला" म्हटलं.

तिथे सरावात एक गोष्ट सदानंदांच्या लक्षात आली. मयुरेश एवढा पट्टीचा फेकणारा, पण त्याचा चेंडू दर वेळी इनामदारसाहेबांकडेच जायचा. साहेब दोन्ही हात वर करून "इकडे! मयुरेश, इकडे!" असा गजर करायचे, समोरचे दोघे-तिघे त्यांच्याभोवती गोळा व्हायचे, चेंडू अचूक त्या गर्दीत जायचा आणि कोणाच्या तरी कोपराला लागून खाली पडायचा. दुसऱ्या टोकाला विशाखा उभी असायची. चिपळूणची, एका दवाखान्यात नर्स, वाऱ्यासारखी पळणारी, पण बोलायची वेळ आली की जमिनीकडे बघणारी. तिच्या आसपास चिटपाखरू नसायचं. तिच्याकडे मात्र कधीच कोणी चेंडू टाकत नव्हतं.

"असं का रे?" सदानंदांनी पाणी पिताना मयुरेशला विचारलं. टोमणा म्हणून नव्हे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मयुरेशने इकडेतिकडे पाहिलं. "काका, माझी बायको तेजस्वी त्यांच्याच ऑफिसात आहे. प्रोबेशनवर. तुम्हीच सांगा, मी बॉल दुसरीकडे टाकू कसा?"

आपली बायको कोणाच्या ऑफिसात नाही, या विचाराने सदानंदांना धीर आला. तो फार टिकला नाही. दुपारच्या जेवणाआधी इनामदारसाहेबांनी त्यांना तंबूच्या मागे बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला. तेलाच्या वासाने तो लगेच उचलला, पण आवाज मऊच ठेवला.

"घैसास, मंडळासाठी तुम्ही खूप केलंत. संध्याकाळी निवड आहे. क्वार्टरबॅक तुम्हीच, हा माझा शब्द. फक्त बॉल तेवढा माझ्याकडे येऊ द्या. आमच्या सौ. व्हिडिओ काढणार आहेत. नातवंडं ऑस्ट्रेलियात असतात, त्यांना पाठवायचाय. आजोबा नुसती भाषणं करतात असं वाटतं त्यांना."

सदानंदांना भरून आलं. हो म्हणायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

जेवणाला पंगत बसली आणि नेहमीप्रमाणे मसालेभाताचं पातेलं सदानंदांच्या हातात आलं. मंडळाच्या कुठल्याही पंगतीत वाढायला घैसास असणार, हे इतकं ठरलेलं होतं की त्यांना कोणी विचारतही नसे. ते ओळीने वाढत निघाले. "घैसास, इकडे!" इनामदारसाहेबांनी गर्जना केली. त्यांच्या पानात भाताचा डोंगर होता, वर जिलब्या होत्या. सदानंद त्यांना हसून, मान डोलावून, पुढे गेले. ओळीच्या अगदी टोकाला विशाखा हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती आणि तिचं पान रिकामं होतं. सदानंदांनी तिला भात वाढला, वर तूप घातलं, आणि वळताना ते जागच्या जागी थांबले. आपण हिच्याकडे का आलो? हिने तर हाक मारली नव्हती. हाक तर भरल्या पानावरून आली होती. वाढताना आपण माणसं बघतच नाही. इतकी वर्षं आपण फक्त पानं बघतो आहोत!

"अहो, भात गार होतोय," सुनंदाबाई म्हणाल्या.

"सुनंदा, मला कळलं," सदानंद म्हणाले. काय कळलं ते त्या विचारणार तोवर ते भाताचा डाव हातात धरून तंबूबाहेर गेले होते.

बाहेर वाळूत उभं राहिल्यावर दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि आनंद मावळला. साहेबांना शब्द दिला होता. शब्द पाळला तर क्वार्टरबॅक व्हायला मिळणार, पण क्वार्टरबॅकसारखं खेळायला नाही. खेळलं तर पद जाणार. दोन्हींतलं काय जास्त हवंय, हे त्यांना ठरवता येईना. एवढा अवघड प्रश्न त्यांना आजवर पडला नव्हता.

संध्याकाळी मैदान आखलं गेलं. प्रत्येक उमेदवाराने तीनदा फेकायचं, मंडळी अडवणार, झेलायला एकीकडे इनामदारसाहेब आणि दुसरीकडे विशाखा. सेंटर अजूनही मिळाला नव्हता, तेव्हा कोच अर्सलान स्वतःच ओणवा झाला. तिघे उमेदवार बाजूला थांबले होते.

"साहेब, तुमी वाईट वाटून घिऊ नका," तुकाराम सदानंदांना हळूच म्हणाला. "क्वार्टरबॅक मीच हाय. इनामदारसाहेबांनी शब्द दिलाय मला."

मयुरेशचा चेहरा पडला. "तुला? मला तर काल रात्रीच दिला."

दोघांनी सदानंदांकडे पाहिलं. सदानंदांनी वाळूकडे पाहिलं. तिघांनाही एकदम हसू आलं, पण साहेब बघत होते म्हणून ते गिळावं लागलं.

मयुरेशने तीनही वेळा चेंडू साहेबांकडे फेकला आणि तीनही वेळा तो गर्दीत आपटला. तुकारामने फेकण्याच्या भानगडीत न पडता चेंडू काखेत मारला, "कबड्डी, कबड्डी" म्हणत सगळ्यांना हुलकावण्या दिल्या आणि रेषेपलीकडे पोहोचला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग अर्सलानने फार दुःखाने सांगितलं, की या स्पर्धेत क्वार्टरबॅकने स्वतः पळायचं नसतं.

सदानंदांचा पहिला चेंडू सवयीने साहेबांकडे गेला आणि वाटेतच पडला. दुसरा तेलकट हातातून निसटून अर्सलानच्या पाठीवर आपटला. तिसऱ्या वेळी चेंडू हातात आला तेव्हा त्यांना साहेब दिसले, हात वर केलेले, अंगावर दोन माणसं. सौ. इनामदारांचा फोन साहेबांवर रोखलेला. "घैसास! शब्द आठवतोय ना?" अशी आरोळी आली. सदानंदांचा हात तिकडे वळलासुद्धा. पण डोळे मात्र परस्पर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे नुसती वाळू होती आणि वाळूत विशाखा उभी होती. ती चेंडू मागत नव्हती. आपल्याकडे तो येईल अशी तिची अपेक्षाही दिसत नव्हती. सदानंदांनी चेंडू तिच्याकडे टाकला.

चेंडू काही मयुरेशसारखा फिरत गेला नाही. तो डुगडुगत, विचार करत करत गेला. पण वाटेत त्याला अडवायला कोणीच नव्हतं. विशाखाने तो झेलला, एकदा मागे वळून पाहिलं, आणि घाई करायचं काही कारणच नसल्यामुळे चालत जाऊन रेष ओलांडली. सौ. इनामदारांच्या फोनमध्ये हे काहीच आलं नाही. त्यात फक्त साहेब होते, दोन्ही हात आकाशाकडे पसरून उभे.

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे अध्यक्षांकडे बघत होते. साहेब तंबूत गेले, आणि मागोमाग निवड समितीही गेली. आतून आवाज येऊ लागले, की पहिल्या अर्ध्याला मयुरेश, दुसऱ्या अर्ध्याला तुकाराम, परीक्षकबाई सल्लागार क्वार्टरबॅक आणि घैसासांना आभाराचं पत्र. तेवढ्यात अर्सलान पडदा सारून आत शिरला.

"खलास," तो म्हणाला. "क्वार्टरबॅक अंकल. नहीं तो कोच मैं नहीं."

त्याच्यामागे मयुरेश होता. "काकाच बरोबर आहेत," तो म्हणाला. "साहेब, राग मानू नका. माझा हात चांगला आहे, पण तो तुमच्याकडेच वळतो." आणि एवढं बोलून झाल्यावर आपण हे बोललो याचंच त्याला आश्चर्य वाटलं असावं, कारण तो लगेच बाहेर निघून गेला. मग चिटणीसांनी निवड बिनविरोध झाल्याचं जाहीर केलं.

सदानंद मैदानावर एकटेच फिती गोळा करत होते. आपण क्वार्टरबॅक झालो हे त्यांना कळलं होतं, पण आनंद नीट होत नव्हता. साहेबांचा तो चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. एवढ्यात साहेबच समोर आले. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून सदानंदांनी फिती छातीशी घट्ट धरल्या.

"घैसास, खरं सांगा," साहेब म्हणाले. आवाज इतका खाली होता की सदानंदांना पुढे झुकावं लागलं. "मी मोकळा नव्हतो?"

"नव्हतात, साहेब. दोघं होते तुमच्यावर."

"पण दर वेळी माझ्यावरच का?"

प्रश्न खरा होता. सदानंदांनी त्यावर मनापासून विचार केला. "तुम्ही हात वर करता, हाका मारता. मग सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे जातं."

"मग मी उभं कुठे राहायचं?"

"जिथे कोणाचं लक्ष नसेल तिथे."

इनामदारसाहेबांनी सगळ्या मैदानावरून नजर फिरवली. अशी जागा शोधायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांच्यासाठी जागा नेहमी इतरांनीच, पुढच्या रांगेत, राखून ठेवलेली असायची. ते थोडे डावीकडे गेले, थांबले, पुन्हा पुढे गेले. शेवटी मैदानाच्या कडेला, पाण्याच्या पिंपांपलीकडे जाऊन ते उभे राहिले. हात खाली, तोंड बंद. तंबूकडे चहाची गडबड चालली होती आणि कोणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. तसं उभं राहणं त्यांना जड जातंय, हे लांबूनसुद्धा कळत होतं.

सदानंदांनी फिती खाली ठेवल्या आणि चेंडू फेकला. तो डुगडुगत गेला, साहेबांच्या पोटावर आदळला आणि त्यांच्या हातांतच राहिला. साहेबांनी आधी चेंडूकडे पाहिलं, मग सवयीने टाळ्यांसाठी आजूबाजूला पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

"आणखी एकदा टाका, कॅप्टन," साहेब तिथूनच हळू आवाजात म्हणाले.